मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर

प्रिय मिस्त्रीकाका,

पत्रास कारण की, एवढे लिहून पुढे कारणच न लिहिता मी दोन कागद फाडले. हा तिसरा.

तुम्ही गेल्यापासून बाबांच्या गॅरेजात तुमच्या टेबलाला कोणी हात लावलेला नाही. पाने मापाप्रमाणे ओळीने मांडलेले आहेत तसेच आहेत. नवे कारागीर स्वतःचे पाने घरून आणतात. मी सुट्टीतही आता तिकडे फारशी जात नाही. बाबा विचारतात, तेव्हा अभ्यासाचे नाव सांगते.

गुणोत्तर आणि प्रमाण या धड्यात मला पैकीच्या पैकी गुण होते. पण गुणोत्तराला वजन असते हे तुम्ही शिकवलेत. मागच्या अ‍ॅक्सलचे झाकण उघडून, एका दातावर खडूची खूण करून तुम्ही म्हणाला होतात, “हं, मोजा मास्तरीणबाई!” मोठ्या चक्राचे दात सत्तेचाळीस, लहानाचे दहा. म्हणजे गाडीचे चाक एकदा फिरावे, तर इंजिनाकडून येणारा दांडा जवळजवळ पाच वेळा फिरणार. ओढ जबरदस्त, पण वेग घेतला की इंजिन कावून ओरडणार.

दुरुस्तीला आलेल्या त्या जुन्या आलिशान गाडीच्या मालकांना नेमका तो आवाज नको होता. गाडीच्या मूळ पुस्तिकेत मला दुसरी जोडी सापडली, एक्केचाळीस आणि अकरा. त्याच वेगाला इंजिनाचे फेरे पाचव्या हिश्श्याने कमी! मी आकडेमोड करून दाखवली. तुम्ही म्हणालात, “अगं, हिचं अंग बघ केवढं! चढाला धापा टाकेल ही.” मी पुस्तिकाच पुढे केली. तुम्ही हसलात. “छापलंय म्हणजे खरंच असेल बाई. आम्ही पडलो अंगठेबहाद्दर.” आणि माझ्या शब्दावर तुम्ही जोडी बदललीत, त्याच वेळी नवा क्लचही बसवलात.

सपाट रस्त्यावर गाडी लोण्यासारखी धावली. मालकांच्या बंगल्याच्या चढावर मात्र पहिल्या गिअरमध्येही तिची छाती भरून आली. त्यांनी अर्धा क्लच दाबून ती रेटली. क्लच जळला, गाडी मागे घरंगळली आणि कुंपणाच्या भिंतीवर आदळून तिचे मडगार्ड चेपले. दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर बाबा तुम्हाला म्हणाले, “क्लच नीट बसवला नाहीत तुम्ही. मिस्त्री, हात थरथरतात आता तुमचे. घरी बसा.” तुम्ही माझे नाव घेतले नाहीत. फडक्याने एकेक बोट पुसलेत आणि निघालात. मी दाराशी उभी होते.

काका, चूक एवढीच असती तर ती मी कदाचित चूक म्हणून सांगितलीही असती. पुस्तिकेत त्या आकड्याखाली बारीक टाइपात एक तळटीप आहे : ही जोडी फक्त उघड्या टपाच्या, दोन आसनांच्या हलक्या गाडीसाठी. आपल्याकडची गाडी बंद टपाची आणि सात आसनांची. ती तळटीप मी अपघातानंतर वाचली असे तुम्हाला वाटले असेल. नाही. गाडी मालकांच्या ताब्यात जाण्याच्या दोन दिवस आधी ती माझ्या नजरेस पडली होती. तुम्ही तेव्हा बॉनेटला पॉलिश करत होतात. “काका, तुमचंच बरोबर होतं,” हे चार शब्द मला जड झाले.

परवा कळले की दुसऱ्या गॅरेजवाल्यांनीही तुम्हाला ‘क्लच जाळणारे मिस्त्री’ म्हणून दारातूनच परत पाठवले. त्या दिवसापासून मी बाबांसमोर चार वेळा जाऊन उभी राहिले आणि चारही वेळा पाणी पिऊन परतले. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मला लिहिता येते, बोलता येत नाही. म्हणून हे पत्र टपालाने येणार नाही. पाकीट न चिकटवता, पुस्तिकेच्या त्या पानात ठेवून, आज ते मी बाबांच्या हातात देणार आहे आणि “आधी तुम्ही वाचा, मग स्वतः काकांकडे घेऊन जा,” असे त्यांना सांगणार आहे. त्यांचे वाचून होईपर्यंत मी तिथून हलणार नाही.

तुमचीच,
बाबांची धाकटी