डाळ पातळ असल्याबाबत

४ मार्च, सोमवार, सकाळी ६.३०
निवृत्त होऊन तेहतीस दिवस झाले. एकतीस वर्षं जावक विभाग सांभाळला. एकही पत्र चुकीच्या पत्त्यावर गेलं नाही. (एक गेलं होतं, पण तो पत्ताच चुकीचा होता.) असा माणूस घरात बसून राहिला की घराची घडी विस्कटते. हिचं मत, माझ्यामुळे विस्कटते. काल स्वयंपाकघरातल्या डब्यांना क्रमांक देऊन यादी दाराला लावली, तर साखर शोधायला हिला म्हणे अर्धा तास लागला. यादी समोर असताना!

लेक-जावयाचं हॉटेल आहे, आमच्यापासून चार स्टॉपवर. दहा टेबलं. जावई चांगली नोकरी सोडून स्वतः स्वयंपाक करतो, लेक काउंटर आणि बाकी सगळं बघते, मौनी वाढतो. (मौनी म्हणजे वेटर. पन्नाशीचा आहे, बोलत नाही, म्हणून मी ठेवलेलं नाव.) परवा लेक म्हणाली, बाबा, कंटाळा आला तर येत जा अधूनमधून. मी काय ते ओळखलं. मुली बापाला स्पष्ट सांगत नाहीत. तिला मी रोज आणि जबाबदारीच्या जागी हवा आहे.

संकल्प: साडेदहा ते साडेतीन काउंटर. आवाज चढवायचा नाही. डबा घरचा. (अ‍ॅसिडिटी. बाहेरचं खाणं अठरा वर्षं बंद.)

५ मार्च, मंगळवार
पहिला दिवस यशस्वी. लेकीला काउंटरवरून उठवून आत पाठवलं. ती म्हणाली, दोघं बसू की. एका खुर्चीला दोन अधिकारी नसतात, हे तिला समजावून सांगितलं.

एका बाईंनी विचारलं, आज स्पेशल काय आहे? मी म्हणालो, रोज काहीतरी स्पेशल लागणं हीच आजच्या माणसाची अडचण आहे. बाई विचारात पडल्या. विचार करत बाहेर गेल्या त्या परत आल्या नाहीत.

७ मार्च, गुरुवार
आज लेकीने सहज फोनवर दाखवलं: गिऱ्हाईकं जेवून जातात आणि घरी जाऊन इंटरनेटवर मतं लिहितात. साठेक अभिप्राय. सरासरी पाचपैकी ४.१. सगळे वाचून काढले. डोकं फिरलं.

एक म्हणतो डाळ पातळ, पाण्यासारखी. दुसरा म्हणतो डाळ इतकी दाट की चमचा उभा राहतो. एकाला भाजी तिखट लागली, डोळ्यांतून पाणी आलं. एकीला तीच भाजी पथ्याची वाटली. एक कुटुंब पोळ्यांसाठी पुन्हा पुन्हा येतं, एक गृहस्थ पोळ्यांमुळे पुन्हा येणार नाही. एकाने एकच तारा दिला आहे, कारण पार्किंग नाही. अरे, तू जेवायला आलास की गाडी झोपवायला? एकीने पाच तारे देऊन लिहिलं आहे, अजून गेले नाही पण फोटो छान आहेत.

या लोकांना मतदानाचा हक्क आहे, हे वाचताना सारखं मनात येत होतं.

संकल्प: प्रत्येकाला लेखी उत्तर. लेकीकडून पासवर्ड घेतला. ती कांदे चिरत होती, डोळे पुसत म्हणाली, बाबा, नको ना. कांद्यामुळे तिला नीट विचार करता येत नसावा.

११ मार्च, सोमवार
तीन दिवसांत एकोणचाळीस उत्तरं रवाना. नमुना म्हणून एक इथे उतरवून ठेवतो:

“महोदय, आपण दि. २ रोजी डाळ पातळ असल्याचे कळवले आहे. त्याच दिवशी, त्याच पातेल्यातील डाळ दाट असल्याचे दुसऱ्या ग्राहकाने कळवले आहे. तरी उभयतांनी आपसांत चर्चा करून एकच मत सात दिवसांत कळवावे. न कळवल्यास डाळ योग्य आहे असे समजण्यात येईल.”

स्वच्छ, मुद्देसूद, एक शब्द जास्त नाही. पार्किंगवाल्याला फक्त “चालत यावे” एवढंच लिहिलं. जावयाने वाचलं आणि तो बराच वेळ कढईकडे बघत उभा राहिला. भारावून गेला असणार. मितभाषी आहे.

१४ मार्च, गुरुवार
आज मतभेद जागच्या जागी मिटवण्याचा प्रयोग. दोन नंबरच्या टेबलाने मौनीला सांगितलं की रश्शात मीठ जास्त आहे. सहा नंबरचं टेबल त्याच वेळी मीठ मागत होतं. अशी संधी पुन्हा येत नाही. मी दोन नंबरच्या गृहस्थांना, त्यांच्या वाटीसकट, सहा नंबरवर नेलं आणि दोघांना सांगितलं की एकमेकांचा रस्सा चाखा आणि निकाल द्या.

सहा नंबरवर कुणा मुलीला बघायला आलेली मंडळी होती, हे मला कोण सांगणार? मौनी तर बोलतच नाही. मुलीकडचे उठले, मुलाकडचे उठले, वाटीवाले गृहस्थ मध्येच उभे. शेवटी दोन्ही टेबलं रिकामी झाली. पण रश्शाबद्दलची तक्रारही त्यांच्याबरोबर गेली, हे कोणी लक्षात घेत नाही.

लेक दुपारभर माझ्याशी कमी बोलली. कामाचा ताण.

१६ मार्च, शनिवार
सरासरी ३.८. लेकीचा चेहरा पडला. मी समजावलं की शिस्त लावली की आधी आकडा खाली येतोच, खोटी स्तुती करणारे गळतात.

मात्र एक गंभीर बाब नजरेस आली. नव्या सहा अभिप्रायांपैकी चारांत “काउंटरवरचे आजोबा” असा उल्लेख आहे. जेवण चांगलं पण आजोबा फार बोलतात. आजोबा वाद घालतात. आजोबांनी माझी वाटी उचलून नेली.

आजोबा कोण, याचा शोध घेतला. वेळ लागला नाही. भाजीवाला! सत्तरीचा माणूस, अकराला भाजी टाकतो आणि मग काउंटरला टेकून तासभर चहा पीत गप्पा मारतो. (वाटीचं नीट कळत नाही. पण गप्पिष्ट माणूस काहीही उचलेल.) त्याला आजच बजावलं की यापुढे मागच्या दाराने यायचं आणि मागच्या दाराने जायचं, काउंटरच्या जवळपास दिसायचं नाही. तो म्हणाला, साहेब, मी काय केलं? अपराधी माणसं हेच विचारतात.

लेकीला सांगितलं की बंदोबस्त झाला आहे. ती म्हणाली, बाबा, त्यांचं नाही हो. फार मऊ मनाची आहे.

१८ मार्च, सोमवार
मोठी बातमी. समोरच्या इमारतीतल्या कंपनीला साठ माणसांचं दुपारचं जेवण रोज हवं आहे. तीन हॉटेलं बघणार, महिनाअखेरीस एक ठरवणार. कंपनीतल्या एक बाई जेवून बघायला येतील.

जावई आज पहिल्यांदाच माझ्याशी सलग चार वाक्यं बोलला. म्हणाला की हे काम मिळालं तर हॉटेल चालेल. नाही मिळालं तर एप्रिलमध्ये पुन्हा नोकरी शोधणार. लेक तिथेच उभी होती. तिने ओढणीने टेबल पुसलं, फडकं हातात असताना. तीन वर्षं ही दोघं पहाटे उठतात. हे बुडू द्यायचं नाही, काय वाटेल ते झालं तरी. मी आहे.

२१ मार्च, गुरुवार
कंपनीच्या बाईंसाठी पूर्वतयारी. सर्व अभिप्रायांचा तक्ता केला. मीठ जास्त: चौदा. मीठ कमी: तेरा. म्हणजे मीठ बरोबर. (एक मत जास्त आहे, ते पार्किंगवाल्याचं आहे. ग्राह्य नाही.) तिखट, डाळ, पोळ्या, सगळ्यांचा असाच हिशेब लागला. तक्ता टाइप करून, लॅमिनेट करून काउंटरमागे लावला. शीर्षक: “येथील जेवण योग्य असल्याचा पुरावा.”

लोक थांबून वाचतात. दोन मुली फोटो काढून गेल्या, हसत होत्या. आनंद झाला की माणूस हसतोच.

सरासरी ३.६.

२५ मार्च, सोमवार
कंपनीच्या बाई आल्या. चष्मा, छोटी वही, एकट्या. मी लगेच ओळखलं, कारण लेकीने त्या येणार हे सकाळीच सांगितलं होतं आणि मला चार वेळा विनवलं होतं की बाबा, आज तुम्ही फक्त हसा.

बाई जेवल्या. ताट स्वच्छ. हात धुऊन काउंटरशी आल्या, तक्ता वाचला, दोनदा वाचला. मग मला विचारलं, तुम्हाला स्वतःला इथलं काय आवडतं?

मी कधी खोटं बोललेलो नाही. सांगितलं की मी इथलं काहीच खात नाही. तीन आठवडे झाले, एक घास नाही. डबा घरून येतो. आणि खात्री पटावी म्हणून डबा उघडून दाखवला: दुधी आणि दोन पोळ्या. हेही स्पष्ट केलं की न खाल्ल्यामुळेच मी निःपक्षपाती राहू शकतो.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. बरंच लिहिलं. म्हणाल्या, शुक्रवारी पुन्हा एकदा येईन, मग ठरवू. माझ्या स्पष्टवक्तेपणाचा परिणाम झालेला दिसतो.

२५ मार्च, सायंकाळी ५
लेक रागावली. आयुष्यात पहिल्यांदा. आवाज न चढवता म्हणाली, बाबा, तुम्ही सगळ्यांना उत्तरं पाठवलीत, त्यांच्या वाट्या उचलल्यात, तक्ते केलेत, पण माझ्या नवऱ्याच्या हातचं एकदा खाऊन नाही बघितलंत. मग आत गेली. मौनीसुद्धा बोलला. तो म्हणाला, खरं आहे.

वाईट वाटलं. हिच्याजवळ बोललो नाही.

२६ मार्च, मंगळवार
संकल्प: सर्व पदार्थ स्वतः खाऊन अंतिम निर्णय देणे. अ‍ॅसिडिटी गेली खड्ड्यात.

अकराला सुरुवात. डाळ, दोन भाज्या, रस्सा, भात, पोळ्या. डाळ पातळ होती. हा मुद्दा पातळवाल्यांचा. तीनला पुन्हा सगळं, तुलनेसाठी. डाळ दाट! तेच पातेलं, तीच डाळ. चार तास मंद आचेवर राहून आटली होती. म्हणजे लवकर येणारे खरे बोलत होते आणि उशिरा येणारेही खरे बोलत होते. मी एकोणचाळीस माणसांना खोटं ठरवलं. ही माहिती बाहेर जाऊ देणं इष्ट नाही.

चव? चव फार चांगली आहे. रश्शाने तर मला आईच्या हातच्या चवीची आठवण करून दिली. जावई दारातून बघत होता. मी त्याला म्हणालो, ठीक आहे. एवढंच का म्हणालो, कळत नाही. मग आणखी एक वाटी मागितली, आणखी दोन पोळ्या, आणखी एक वाटी.

२७ मार्च, बुधवार
पोटात आग. घशाशी आंबट. उठवत नाही. दोष रश्शाचा नाही, चौथ्या वाटीचा आहे. हिने फोन करून लेकीला कळवलं. लेक म्हणाली, बाबांना म्हणावं आराम करा, अगदी पूर्ण. फार काळजी करते.

शुक्रवारी बाई येणार आणि काउंटरवर मी नाही. काय होईल त्या पोरांचं, या विचाराने डोळ्याला डोळा लागत नाही.

२९ मार्च, शुक्रवार
काम मिळालं! दुपारी लेकीचा फोन आला. आधी रडली, मग हसली, मग दोन्ही. साठ माणसं, सोमवारपासून. मागून जावयाचा आवाज येत होता, तो चक्क गाणं म्हणत होता. मी विचारलं, बाई काय म्हणाल्या? लेक म्हणाली की बाई म्हणाल्या, आज कसं शांतपणे जेवता आलं.

३० मार्च, शनिवार, सकाळी ११
अभिप्राय बघितले. सरासरी ३.८, चढती. परवाच्या एकाने लिहिलं आहे: डाळ थोडी पातळ पण मस्त, आणि आता काउंटरवर आजोबा नाहीत. काल आणखी एकाने: आजोबा गेले का? जागा छान झाली.

भाजीवाल्याला मी सोळा तारखेलाच मागच्या दाराने यायला लावलं. त्यानंतर वीस, तेवीस आणि सव्वीस तारखेच्या अभिप्रायांतही काउंटरवर आजोबा आहेत. सत्तावीसपासून नाहीत. तारखा तीनदा पडताळल्या. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या तारखा तपासण्यात गेली, त्यामुळे चूक होणं शक्य नाही.

दहाला लेकीचा फोन येऊन गेला. म्हणाली, बाबा, बरे होण्याची अजिबात घाई करू नका, इथलं आम्ही बघतो. आवाज इतका प्रेमळ होता की मी फक्त बरं म्हणालो. हिने मऊ भाताची ताटली समोर ठेवली आणि पांघरूण पायांवर ओढून दिलं.

पोट कालपासून उत्तम आहे. अजून कोणाला सांगितलेलं नाही.