गिरणीच्या बाजूला

रविवार, दिवेलागण

आज परत गिरणीवरून माझं आणि मिलिंदचं वाजलं. चिक्कडपल्लीहून भाजी घेऊन येताना मी ऑटोवाल्याला सांगितलं, "नल्लकुंटा, गिरनी के बाजू." तो म्हणाला, "कौनसी गिरनी, अम्मा?" मिलिंद ओशाळला. "आई, गिरणी कधीच पाडली. चष्म्याचं दुकान सांगत जा."

का सांगू? नांदेडहून नवीन आले तेव्हा ज्वारीचा डबा घेऊन गिरणीच्या पायरीवर बसलं की आमच्या घराची कौलं दिसायची आणि मागे नुसतं आभाळ. आता तिथं उभं राहिलं की समोरच्या इमारतीचे एसी दिसतात. दिसू देत. उद्या चष्म्याचं दुकानही जाईल, मग मी काय दर वेळी नवा पत्ता पाठ करू? माझा पत्ता गिरणीचाच.

मघाशी मी भाकऱ्या करत होते. बाहेर मिलिंद फोनवर प्लंबरला घर समजावून सांगत होता. "गिरनी के बाजू की गल्ली, भाई." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. मिलिंद चिडलाच. "चष्मे की दुकान मेरेकू नै मालूम. गिरनी बोला ना."

 पुढची भाकरी मी जरा जोरात थापली.