पडदा उघडला म्हणे

९ मार्च, सोमवार
आजच्या उपचाराची खरी किंमत — हिचे कमरेपर्यंतचे केस, सगळे. डोक्यावर धातूची चौकट बसवायला चार स्क्रू, म्हणजे चार भोकं. साडेतीन तास मान एका जागी, तीही जागेपणी. पैसे विमा भरतोय, ते धरत नाही.

केस गेले तेव्हा ही म्हणाली, तेलाचा खर्च वाचला. मला हसूच फुटेना.

गाठ मेंदूत. औषध नसेतून देतात, पण गाठीपर्यंत पोचत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये शरीराने एक पडदा धरलेला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं — रक्तात बारीक बुडबुडे सोडायचे, बाहेरून कवटीतून आवाजाच्या लहरी नेमक्या जागी मारायच्या, बुडबुडे थरथरतात, पडदा काही तास सैल होतो, तेवढ्यात औषध आत. चाळीस वर्षं पंप दुरुस्त केले, आधी वाट मोकळी कर मग जोर लाव, हे कळतं. पण आवाजाने? हाडातून?

मी बाहेर बसलेलो, आतून ठकठक ऐकू आली. यंत्रवाल्याला म्हटलं, बेअरिंग गेलंय तुमचं. तो हसला. ती ठकठक फोटो काढणाऱ्या यंत्राची, म्हणे. उपचाराचा आवाज माणसाच्या कानाला येतच नाही. ज्याच्या-त्याच्या कानाला नसेल येत! मी भिंतीपलीकडची मोटर ऐकून सांगतो काय बिघडलंय ते.

आणि झालंही तसंच. हिला शेजारच्या खोलीत हलवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फोटो तपासून बुधवारी सांगते. बुधवारपर्यंत कोण थांबतंय! दाराबाहेर बसलो होतो, आतून नर्सबाई स्वच्छ म्हणाल्या — "हा बघा, पूर्ण उघडला पडदा."

मुलीला फोन, मेहुणीला फोन. आत जाऊन हिलाही सांगितलं, डॉक्टरांच्या आधी माझ्या कानाला कळलं म्हणून. ही बघत राहिली. मग माझा हात दाबून म्हणाली, बरं झालं.

१० मार्च
मेहुणी रजा टाकून येणार होती. मीच नको म्हटलं, आता काळजी नाही. ती फोनवर रडली. दिवसभर शीळ घालत होतो.

११ मार्च, बुधवार
डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला आत बोलावलं.

फोटो दाखवला. पडदा उघडला असता तर गाठीपाशी पांढरं दिसलं असतं. काळंच आहे. कवटी जाड, लहरी हाडातच विरल्या. औषध नुसतं रक्तात फिरून गेलं.

म्हटलं, अहो पण उघडलाय! पूर्ण!

"कोण म्हणालं काका?"

पुन्हा करून बघा म्हटलं.

"या हाडातून नाही होणार."

आता फक्त त्रास कमी ठेवायचा. एवढं ऐकलं. पुढचं काही ऐकू आलं नाही. घरी येऊन हिच्याशी गॅस सिलेंडरबद्दल बोललो.

१२ मार्च
सकाळी हिला सांगितलं.

"मला सोमवारीच माहीत होतं. अहो, नर्सबाई म्हणाल्या तो खिडकीचा पडदा. मीच उघडायला सांगितला होता."