तुमच्या कूलरमधलं मोहोळ

प्रिय अहो,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला. आयुष्यभर मी नुसतं 'अहो' म्हटलं आणि तुम्ही पेपरातून मान वर न करता 'हं' म्हणालात, त्यातच आपलं सगळं भागलं. पण पत्राला मायना लागतो म्हणतात, म्हणून लिहिलंय. सवय करून घ्या.

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं आपल्या धम्मात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. ते तुम्हीच मला समजावून सांगितलं होतंत, आणि तेवढ्या वेळात माझी वांगी करपली होती. तरीही लिहितेय. कारण मागच्या गॅलरीत तुमचा कूलर आता नाही, आणि तो कसा गेला हे तुम्हाला मीच सांगायला हवं. धाकट्या भाऊजींनी तर वर्ध्यात घरोघरी आपली बाजू सांगून टाकली आहे!

वर्ध्याहून पुण्याला बदली झाली तेव्हा ट्रकवर सगळ्यांत वर तो बांधला होतात, आठवतं? आकाशी रंगाचा, पत्र्याचा, कपाटाएवढा. स्वारगेटजवळच्या या सोसायटीत ट्रक थांबला आणि खाली सेक्रेटरी आपटे हाताची घडी घालून उभे. "पाण्याची टाकी आणलीत का? सोसायटीला आहे हो स्वतःची." तुम्ही छाती काढून म्हणालात, "कूलर आहे." आपटे म्हणाले, "असं होय. लावा, लावा. पुण्याला नवीन काहीतरी." पुढे त्याच आपट्यांशी तुमचं इतकं जमलं, की मला रोज संध्याकाळी चहात एक कप जास्त पाणी टाकावं लागायचं.

एप्रिल लागला की तुमचं सुरू. जुन्या वाळ्याच्या ताट्या काढा, नव्या बसवा, पंख्याला तेल द्या, बादली बादली पाणी ओता. आणि मग संध्याकाळी पुण्याची गार झुळूक यायची, त्यात तुमचा कूलर, आणि मी भर एप्रिलात गोधडी पांघरून बसलेली! "अहो, बंद करा," म्हटलं की उत्तर ठरलेलं. "कूलर नाही तर उन्हाळा आला असं वाटत नाही." आता माणसाला उन्हाळा आल्यासारखं वाटावं म्हणून बायकोने कुडकुडायचं, हा कुठला न्याय हो?

तुम्ही गेल्यावर त्याला कुणी हात लावला नाही. मीच लावू दिला नाही. पल्लवीने दोनदा विचारलं, "आई, काढून टाकूया का?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. लेक तुमचीच, तिनेही मग विचारलं नाही.

मार्चमधली गोष्ट. दुपारी जेवून आडवी झाले होते, आणि कूलरचा आवाज आला. अगदी तोच, खालच्या पट्टीतला घुंऽऽ. डोळे मिटूनच मी म्हणाले, "अहो, इतक्यात कशाला लावलात? एप्रिल तरी लागू द्या!"

मोठ्याने म्हणाले. मग आठवलं. खूप रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण आवाज काही थांबेना. शेवटी रडणं अर्धवट टाकून उठावं लागलं.

खिडकीतून पाहिलं तर ताटी आणि पत्रा यांच्यामधल्या फटीतून मधमाश्यांची ये-जा चाललेली! शिस्तीत, एक आत, एक बाहेर. तुमच्या कूलरमध्ये अख्खं मोहोळ बसलं होतं. मला इतकं हसू आलं म्हणून सांगू! पुण्यात कुणालाच नको असलेला तो कूलर अखेर कुणालातरी पसंत पडला होता.

मी हे कुणालाच सांगितलं नाही. दुपारी खिडकीची काच लावून घ्यायची, तिला खुर्ची टेकवून बसायचं आणि त्यांचा आवाज ऐकायचा. भाजी काय केली, पल्लवी फोनवर काय म्हणाली, सगळं त्यांना सांगायचे. त्या तुमच्यापेक्षा बऱ्या, 'हं' सुद्धा म्हणत नव्हत्या. पण घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. वर्षभरात पहिल्यांदा ती दुपार मला खायला उठत नव्हती.

पण सोसायटीत गुपित टिकतं का कधी? लिफ्टशेजारी आपट्यांची पाटी लागली. 'सोसायटीत मधमाश्या ठेवण्यास समितीची पूर्वपरवानगी आवश्यक आहे. सदर माश्यांनी ती घेतलेली नाही.' तुम्ही असतात तर फोटो काढून वर्ध्याला पाठवला असतात. मी पाठवला, पण माश्या कुठे बसल्यात ते मात्र लिहिलं नाही.

मग एक माशी खुद्द आपट्यांच्या कानाला डसली. कान पापडासारखा फुगवून ते दारात आले. "वहिनी, ज्या कानाने मी सभेत कुणाचं ऐकत नाही त्याच कानाला चावली, त्यामुळे माझी तक्रार नाही. पण तिसऱ्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. मंगळवारी सकाळी फवारणीवाला येतोय. कूलरला धक्का लागणार नाही, तो माझा शब्द."

म्हणजे कूलर राहणार होता आणि माश्या मरणार होत्या. बाळाचं त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून मला भांडताही येईना. पण रोज सकाळी मी पंचशील म्हणते. त्यातलं पहिलंच शील जीवहत्येपासून दूर राहण्याचं. मंगळवारी सकाळी ते म्हणायचं आणि मग उठून फवारणीवाल्याला दार उघडायचं? तुम्हीच सांगा, हे माझ्याने झालं असतं का?

त्यातच रविवारी तुमच्या पहिल्या वर्षाचं पुण्यानुमोदन. शनिवारी दुपारी भाऊजी आणि जाऊबाई वर्ध्याहून आले. "जय भीम, वहिनी," म्हणाले, पाणी प्यायले, शर्टाची वरची बटणं सोडली आणि थेट मागच्या गॅलरीत. मी स्वयंपाकघरात होते. तिथून मला ऐकू आलं, "बाप्पा! एप्रिलमधी कूलर कोरडा? वहिनी, काहून असा ठेवला जी? दादा काय म्हणन?"

मी "भाऊजी, नको!" म्हणेपर्यंत बादली ओतून झालेली होती.

अहो, वर्ध्याचा माणूस. कोरडा कूलर दिसला की त्याचा हात आपोआप बादलीकडे जातो! पुण्यातल्या कुणाच्या हातून हे कधी घडलं नसतं. क्षणभर काही झालं नाही, आणि मग सगळं एकदम झालं. गॅलरीभर माश्याच माश्या! भाऊजी डोक्यावर बादली उपडी घालून दिवाणखान्यात पळत आले आणि नाकाला हात लावून म्हणाले, "वहिनी, तुमच्या कूलरमधी जीव हाये!" जाऊबाई नवऱ्याला बघायचं सोडून जमिनीवर बसून हसत होत्या. वर्षभरात या घरात कुणी तसं हसलं नव्हतं. खालून आपट्यांचा आवाज आला, "मंगळवारच, वहिनी!"

पल्लवीने त्याच संध्याकाळी तिच्या ऑफिसमधल्या तन्वीला फोन लावला. ही मुलगी आठवडाभर कॉम्प्युटरवर काम करते आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या घरातली मोहळं न मारता हलवते. रविवारी वंदना झाली, जेवणं झाली, आणि ती पेट्या, जाळी, धुराचं भांडं घेऊन हजर. आम्हा सगळ्यांना बघून म्हणाली, "वाव काकू, सगळे व्हाइटमध्ये! परफेक्ट. त्यांना डार्क कलर अजिबात आवडत नाही." पांढऱ्या कपड्यांचं इतकं कौतुक आपल्या कार्यक्रमात आजवर कुणी केलं नसेल.

टॉर्च लावून तिने फटीतून आत पाहिलं. "सातेरी जातीच्या आहेत काकू, तशा शांत असतात. पाण्याने काही बिघडलं नाहीये, पोळी वर आहेत. पण ती आतून पत्र्याला चिकटलीयेत, आणि स्क्रू पार गंजलेत. कूलर कापावा लागेल."

मी म्हणाले, "नाही."

मी उठून आत पलंगावर जाऊन बसले. त्या कूलरचा प्रत्येक स्क्रू तुम्ही पिळलेला. त्यावरचा आकाशी रंग तुम्ही दर दोन-चार वर्षांनी स्वतः दिलेला, आणि दर वेळी थोडा माझ्या पडद्यांनाही. तो कापायचा? भाऊजी मागोमाग आले. नाक सुजलेलं, डोळे भरलेले. "वहिनी, राहू द्या. दादाची वस्तू हाये. मारतीन तर मारतीन माश्या. पाप माह्या नावावर."

ते इतक्या मायेने बोलले की माझा जीव गलबलला. तेवढ्यात खिडकीपलीकडून आवाज आला, तोच घुंऽऽ. आणि मला स्वच्छ कळलं, की कूलरमध्ये तुम्ही नाही आहात. तिथे त्या आहेत. त्यांना अजून जगायचं आहे.

मी बाहेर येऊन तन्वीला म्हणाले, "काप बाई."

काय सांगू तुम्हाला, केवढी मजा आली! धूर दिला, बाजूचा पत्रा निघाला, आणि आत एकाशेजारी एक लोंबणारी पोळी, पिवळीधमक, ताज्या पुरणपोळीच्या रंगाची. तन्वी एकेक पोळं अलगद कापून पेटीच्या चौकटीत सुतळीने बांधत होती. तिने मला जाळीची टोपी घातली आणि सुतळीचा गुंडा धरायला दिला. माझ्या बोटांवर माश्या चालत होत्या आणि एकही चावली नाही! समोरच्या गॅलरीत आपटे भर उन्हात रेनकोट घालून उभे. "डावीकडे बघा, डावीकडे! मी रोज बघतो, राणी डावीकडेच असणार." राणी उजवीकडे सापडली. "माझी डावी," आपटे म्हणाले.

आणि हे तर खास तुमच्यासाठी. तन्वी सांगत होती, उन्हाळा वाढला की माश्या पाणी आणतात, पोळ्यावर थेंब थेंब पसरतात, आणि सगळ्या मिळून पंखांनी वारा घालतात. तसं त्या घर गार ठेवतात. मी दुपारी ऐकायचे तो आवाज तोच! पाणी आणि पंखा, अहो, तुमचीच पद्धत. भाऊजी सुजलेल्या नाकाने ओरडले, "मंग मी काय येगळं केलं होतं?" आम्ही सगळे हसून हसून लाल. फोटोतले तुम्ही तेवढे गंभीर होतात. तो ऑफिसच्या ओळखपत्राचा फोटो मोठा करायला नको होता, हे मी पल्लवीला सांगितलं आहे.

राणी पेटीत गेली, आणि दारातल्या माश्या शेपट्या वर करून पंख हलवायला लागल्या. "बाकीच्यांना बोलावतायत," तन्वी म्हणाली. बाहेर चरायला गेलेल्या परत येईपर्यंत थांबावं लागतं म्हणून आम्ही सगळे अंधार पडेपर्यंत गॅलरीत, चहा पीत. आपटेही आले. पेटीचं दार बंद झालं तेव्हा ते हळूच म्हणाले, "आज ते हवे होते, वहिनी." तेवढंच बोलले, आणि उरलेली कूलरची लोखंडी घोडी स्वतःच्या कुंड्यांसाठी मागून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत गेले, तर काही माश्या तिथे होत्या. आदल्या संध्याकाळी उशिरा परतलेल्या असणार. कूलर जिथे होता त्या रिकाम्या जागेत, बरोबर त्या फटीच्या उंचीवर, हवेतच घिरट्या घालत होत्या. मी तन्वीला फोन केला. ती म्हणाली, "काकू, थोड्या मागे राहतातच. त्या घर शोधत राहतात." मी वाटीत साखरपाणी ठेवलं. दोन दिवसांनी त्या दिसेनाशा झाल्या.

पेटी आता शहराबाहेर एका डाळिंबाच्या बागेत आहे. बागवाल्यांचा फोन आला होता. "समद्या मजेत हायेत काकू, कामाला लागल्या बी!" मला इतका आनंद झाला की आपल्या पल्लवीची नोकरी लागली तेव्हाची आठवण आली. आणि तन्वीने विचारलंय, पुढच्या रविवारी शनिवार पेठेतल्या एका गच्चीवरच्या पेटाऱ्यातलं मोहोळ काढायचंय, सुतळी धरायला येता का? मी 'येते' म्हणून मोकळी झाले. जाळीची टोपी मला शोभते, असं जाऊबाई म्हणाल्या. आजवर सगळं तुम्ही मला सांगत आलात, मी ऐकत आले. आता मला अशी गोष्ट ठाऊक आहे जी तुम्हाला ठाऊक नव्हती, आणि ती सांगताना कसं गुदगुल्या झाल्यासारखं वाटतंय.

तेव्हा एक वचन देते, अहो. गॅलरीतल्या त्या रिकाम्या जागेत मी घिरट्या घालत राहणार नाही. मी पेटीबरोबर जाणार.

तुमचीच,
कुंदा