गप्प बसलेलं पाणी

दि. ४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहिते. शेजारच्या शिलाईवाल्या मावशींचं पत्र आलं. तुमचा उजवा हात मनगटापर्यंत भाजलाय आणि नऊ दिवस तुम्ही लांब बाहीचा शर्ट घालून फिरताय म्हणे. मला मात्र तुम्ही नव्या पडद्याचं कौतुक लिहून पाठवलंत! इस्पितळात मी दिवसभर लोकांच्या भाजल्याच्या जखमा बांधते, आणि माझ्याच वडिलांची मला शेजारणीकडून कळते. वा रे वा!

गॅस उघडा राहायला नको म्हणून मायक्रोवेव्ह मीच आणून दिला. चुकलंच माझं. वीस तारखेला येतेय. घराला कुलूप लावायचं आणि तुम्ही माझ्याकडे राहायचं. हुज्जत नको.

माया आहे म्हणून राग आहे, एवढं समजून घ्या.

तुमची,
ठमी

दि. ९ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

मावशींनी चहाडी केलीच तर! हात सुधारतोय, खपली धरलीय.

एकतीस वर्षं कारखान्याचा बॉयलर सांभाळला, आणि माझं नाक कापलं ते एका पेल्याने. बॉयलरला द्यायचं पाणी आधी तापवून त्यातली हवा काढतात, नाहीतर लोखंड गंजतं. तीच खोड मी कॉफीला लावली. गुळगुळीत काचेच्या पेल्यात पाणी मायक्रोवेव्हमध्ये उकळलं, निवू दिलं आणि पुन्हा चांगलं चार मिनिटं ठेवलं. बुडबुडा एकही नाही. मला वाटलं, तापलंच नाही. बाहेर काढून कॉफीची पूड टाकली मात्र, सगळं पाणी हातावर उसळलं. हवा काढलेलं पाणी उकळीच्या पुढे जाऊनही गप्प बसतं आणि जरा डिवचलं की उसळतं, हे मीच नव्या माणसांना घसा फोडून सांगायचो!

लपवलं ते तुझ्या कुलपाच्या भीतीने. सकाळी उठून माझी कॉफी मी करतो, तोवर मी म्हातारा नाही, बाई. ते घेऊ नकोस.

आता पेल्यात आधी लाकडी चमचा, मग दीडच मिनिट. झालं की मिनिटभर दार उघडत नाही, आणि वरून डोकावतही नाही. घे परीक्षा!

रागावलीस तरी मुलगी माझीच आहेस, हे विसरू नये.

तुझे,
बाबा

दि. १३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पाण्याच्या पेपरात पैकीच्या पैकी. जेवणाचं काय? कालचं जेवण कडेला चटका आणि मध्ये गार असं राहिलं तर पोट बिघडतं. झाकण सैल ठेवायचं, मध्येच थांबून ढवळायचं, आणि मधोमध वाफ दिसेपर्यंत तापवायचं. अंडं कवचासकट आत ठेवलंत तर माझ्याशी गाठ आहे. आणि आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांचा तुमचा खजिना फक्त बटणं ठेवायला, त्या प्लास्टिकात काही तापवायचं नाही.

खरं सांगू? तुम्ही भाजलात याने मी एवढी हादरले नाही. भाजतं कुणालाही. तुम्ही मला सांगितलं नाहीत, त्याने रडू आलं. जखम चिघळली असती तर? तेव्हा एकच अट. काही झालं, कितीही बारीक असो, त्याच दिवशी मला कळवायचं. जमत असेल तर वीसला मी फक्त हात बघायला येते. नसेल जमत, तर कुलूप घेऊन.

उत्तर लवकर द्या, जीव टांगणीला आहे.

तुमची,
ठमी

दि. १७ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

घाईत लिहितोय, कारण अट त्याच दिवशीची आहे.

आज सकाळी जाम भरलेला पाव तापवला. हाताला कोमट लागला म्हणून मोठ्ठा घास घेतला. आतला जाम म्हणजे नुसता निखारा! जीभ पोळली. लगेच गार पाण्याने चुळा भरल्या. फोड नाही, पण चव गेलीय आणि बोलणं बोबडं झालंय, म्हणून फोन न करता पत्र. पुढच्या वेळी मोडून, फुंकून, मग खाईन.

जीभ कुणाला दिसत नाही, ठमे. मावशींनासुद्धा नाही. गप्प राहिलो असतो तर तुला जन्मात कळलं नसतं. पाकीट बंद करताना दोनदा थांबलो, खोटं कशाला बोलू? तरी पाठवतोय, वीसच्या आत पोचावं म्हणून स्पीड पोस्टने.

वीसला ये. कुलूप आणायचं की नाही, ते तू ठरव.

तुझे,
बाबा