एकेचाळीस दारं

२ मार्च
आलो एकदाचा. दोन बॅगा, संगणक आणि आईने शेवटच्या क्षणी कोंबलेली उशी. खाली दुकान, वर दोन खोल्या आणि मध्ये स्वयंपाकघर. रस्त्याकडची खोली माझी, मागची आक्कांची. आक्का म्हणजे मालकांची थोरली बहीण; मालक स्वतः खाली दुकानातच झोपतात. मालकांना सगळं गाव मामा म्हणतं, तेव्हा मीही मामाच म्हणतो. पन्नाशीचे, गोलमटोल, कायम काहीतरी गुणगुणत असतात. जन्मभर कुलपं घडवली, आता फोनवरून उघडणारी विजेची कुलपं बसवतात. माझ्या खोलीच्या दारालाही तसलंच एक आहे.

ती कुलपं माझ्या सॉफ्टवेअरवर चालतात, म्हणून तर मला बोलावणं आलं. माझी एक खासगी रेपॉझिटरी आहे, म्हणजे याच संगणकावरचं माझं कोठार. त्यात मी हौसेने लिहिलेली पाच पॅकेजेस, म्हणजे तयार प्रोग्रॅम, ठेवली आहेत, ज्याला हवं त्याने उतरवून घ्यावं. चारांना कुत्रंही विचारत नाही. पाचव्याचं नाव 'कडी'. मामांना ते कुठून सापडलं देव जाणे. "इंजिनियर, तुझी कडी आणि माझं कुलूप," मामा म्हणाले, "सोयरीक जमली म्हणायची." आक्का म्हणाल्या, आधी पोराला जेवू तर दे, मग वरात काढ.

बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

७ मार्च
आज मोजणी बसवली. कोणतं पॅकेज, कितवी आवृत्ती, किती वेळा उतरवली गेली, हे सगळं आता पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीत दिसतं. रोजनिशीही इथेच टंकतो, त्यामुळे दर दोन ओळींनी डोळा तिकडे जातो. नवं कुलूप पहिल्यांदा चालू झालं की ते स्वतःच माझ्या कोठारातून 'कडी' उतरवून घेतं. मी नवी आवृत्ती ठेवली की तीही जुनी कुलपं थोड्या वेळात आपणहून घेतात. त्यासाठी हा संगणक चालू हवा, एवढंच.

दुपारी मामा दातांच्या डॉक्टरांकडे कुलूप बसवायला गेले होते. मी इथे चहा पीत बसलो होतो आणि आकडा एकाने वाढला. लेकराने पहिलं पाऊल टाकावं तसं वाटलं. आक्कांना हाक मारून दाखवला. त्यांनी चष्मा लावून खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, छान आहे हो, पण हे करतं काय?

मामांनी कोठाराचा पासवर्ड मागितला. वेगवेगळ्या कुलपांसाठीचे बारीकसारीक बदल त्यांनाच करता येतील, तेवढं प्रोग्रॅमिंग ते शिकलेत, प्रत्येक वेळी मला उठवायला नको. दिला. घरचाच माणूस.

१३ मार्च
दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको, दोघांनाही कोणीतरी ठार मारलं.

दार आतून बंद, कुलूप शाबूत, कुलपाच्या नोंदीत कोणीच दार उघडलेलं नाही. फौजदारांनी कुलूप तपासायला मामांना आणि मला बोलावलं. मृतदेह अजून उचलले नव्हते. मी तिकडे बघणार नव्हतो, पण नजर गेलीच. डॉक्टर आरामखुर्चीत होते आणि त्यांना चेहरा उरला नव्हता. बाई न्हाणीघराच्या दाराशी. त्यांच्या दोन्ही हातांची बोटं मोडून उलटी वळली होती. हातांनी डोकं झाकलं असणार, फौजदार म्हणाले. लोखंडी काहीतरी होतं, आणि मारणारा घाईत नव्हता.

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मामा मात्र उंबऱ्यात उकिडवे बसून बिजागरीवरून बोट फिरवत होते. आपलं काम चोख आहे, एवढंच बोलले. परतताना रस्ताभर गुणगुणत होते. माणूस घाबरला की कसाही वागतो.

१९ मार्च
सावकाश लिहितो.

शिंप्याच्या कुलपाची बॅटरी उतरल्याचा संदेश आला, म्हणून मामांनी मला बदलायला पाठवलं. दार नुसतं लोटलेलं होतं. शिंपीदादा एकटे राहायचे. ते कापायच्या टेबलावर उताणे पडले होते. त्यांचीच मोठी कात्री मानेत मुठीपर्यंत रुतलेली. रक्त टेबलाच्या कडेवरून कापडाच्या तागांवर गळत होतं. मी घसरून पडलो, उठलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. जिवंत होते. बोलायला गेले की मानेतून फेस येत होता. मी कान जवळ नेला. दार आपोआप उघडलं, एवढंच त्यांनी सांगितलं. मग पकड सुटली.

मनगटावर अजून त्यांच्या बोटांचे वळ आहेत.

२२ मार्च, सकाळ
'आपोआप' हा शब्द डोक्यातून जाईना. 'कडी' आपोआप काही उघडत नाही. तिची ओळ न् ओळ मी लिहिली आहे.

म्हणून आज मोजणी नीट उलगडून पाहिली. एरवी मी फक्त एकूण आकडा बघत होतो, आवृत्ती कोणती ते बघतच नव्हतो. माझी शेवटची आवृत्ती सातवी. गावातली एकेचाळीस कुलपं आठवीवर चालतात. मी आठवी लिहिलेलीच नाही.

ती उघडली. सगळं माझंच, फक्त एक तुकडा जास्तीचा. फोनवर एक गुप्त आकडा दाबला की कुठलंही दार उघडतं आणि नोंद राहत नाही. डॉक्टर गेले त्याच्या दोन दिवस आधी, याच घरातून, माझ्या पासवर्डने ठेवलेली आहे. पासवर्ड आणखी एकाच माणसाकडे आहे.

फौजदारांना फोन केला. ते म्हणाले, पॅकेज तुझं, पासवर्ड तुझा, मग मी कोणाला पकडू? तरी येतो म्हणाले. नदीपलीकडे आहेत, वेळ लागेल.

आक्कांना सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला, पाण्याच्या टाकीमागे हात घालून एक पिशवी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. आत मामाचा सदरा, रक्ताने वाळून पापडासारखा कडक झालेला. डॉक्टर गेले त्याच दिवशी सापडला होता. "पाठचा भाऊ आहे रे माझा," म्हणाल्या. जेवायला आला की विचारते म्हणतात. मी म्हटलं, नका विचारू, चला, आत्ता बाहेर पडू. त्या म्हणाल्या, मला तो काही करणार नाही, मी त्याला न्हाऊमाखू घातलंय.

मी पासवर्ड बदलला. आता नववी आवृत्ती लिहितोय. तो तुकडा काढायचा. जिन्यावर पावलं वाजतायत. गुणगुणणंही.

दुपार
आक्का गेल्या.

आधी नुसतं बोलणं ऐकू येत होतं. मग आवाज आला, ओली गादी बडवावी तसा. पुन्हा. पुन्हा. मी दार उघडलं. तो त्यांच्या छातीवर गुडघे रोवून बसला होता. हातात पहार. आक्कांच्या टाचा फरशीवर घासत होत्या. मग थांबल्या. त्याने मान वर केली, बाहीने तोंड पुसलं आणि समजावल्यासारखं म्हणाला, "ज्या घराला माझं कुलूप, त्या घराचा धनी मी. हिला कळायला नको?"

दार लावलं. कपाट ढकलून लावलंय. नववी आवृत्ती सर्वांत आधी माझ्याच दाराला दिली. त्याने गुप्त आकडा दाबला, दाबत राहिला. उघडेना. मग दारापलीकडून म्हणाला, बस तू इथेच, मी दुसऱ्या घरी जातो, घरं काय कमी आहेत.

तो खाली उतरला. खिडकीतून उडी मारता येईल. पण कोठार याच संगणकावर आहे. हा बंद पडला किंवा मी निघालो आणि त्याने येऊन फोडला, तर बाकीची दारं—

कोठारात नववी ठेवली. आता कुलपं येतील तशी घेतील. चार. सात.

नंतर
एकोणीस. फौजदार फोन उचलत नाहीत.

परत आला. कोणाचं तरी दार उघडलं नाही वाटतं. त्याला समजलंय. पहार दारावर. वीज तोडली— संगणक बॅटरीवर, नेट फोनचं.

तेहतीस. फळीला भेग. त्यातून तो दिसतो. गुणगुणत नाही आता. शिव्या नाहीत. फक्त श्वास.

अडतीस. पहारेचं टोक आत आलं, माझ्या खांद्यात— एका हाताने लिहितो.

चाळीस. एकच राहिलं. वळणावरच्या शिक्षिका बाईंचं. दोन मुली आहेत घरात. कुलूप जुनं, हळू घेतं. घे ना— घे—

कपाट हललं. त्याचा हात आत—

एकेचाळीस.

आता त्याला गावातलं एकही दार उघडता येणार नाही. माझं सोडू—