आवाज तुझा होता

स्फाक्स, रविवार

प्रिय वाहिदा,

तुझ्या धाकट्याला दात आले हे वाचून बरं वाटलं. इकडे यंदा ऑलिव्हची झाडं रुसलीत आणि आईचे गुडघेही. माझ्या लेकीबद्दल, दोरसाफबद्दल विचारलंस. सांगते.

आमच्या आरोग्य पाहणीसाठी वसंतात आम्ही घरोघरी जाऊन मुलींना प्रश्न विचारले. बैठकीचं दार उघडं, पलीकडे त्या मुलीची आई लिंबू सरबत ढवळतेय आणि तिचे कान इकडे. घरी मार बसतो का, सिगारेट ओढतेस का, जगणं नकोसं वाटतं का. मुली ‘नाही’ म्हणायच्या आणि वर हसायच्या. सरावासाठी मी दोरसाफलाही विचारलं होतं. ‘काहीतरीच काय, आई,’ म्हणाली आणि माझ्या ताटातली मिरचीची हरिसा चटणी भाकरीने पुसून खाल्ली. मी सुखावले.

आमच्या डॉक्टर लमियांना ती उत्तरं पटली नाहीत. त्यांनी तेच प्रश्न शाळांमध्ये टॅबलेटवर विचारले. कानाला हेडफोन, उत्तर बोटाने दाबायचं, नाव कुठेच नाही. प्रश्न इथल्याच बाईच्या आवाजात हवेत म्हणून माझा आवाज घेतला. दोरसाफची शाळा त्यात येईल हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

निकाल आले. तिच्या वर्गातल्या कितीतरी मुलींनी शेवटच्या, जगणं नकोसं वाटण्याच्या प्रश्नाला ‘हो’ दाबलं होतं. कोणी, ते मी लमियांना रडून विचारलं. कळायची सोयच ठेवलेली नाही म्हणाल्या, म्हणून तर पोरी खरं बोलल्या.

घरी येऊन दोरसाफला विचारलं. ती म्हणाली, "आवाज तुझा होता, पण तू नव्हतीस. म्हणून सांगता आलं."

काय सांगितलंस, विचारलं तर ओठ मिटले ते मिटलेच. मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथेही ‘नाही’, आणि तेच हसू. बाईंनी मला बाहेर बसवलं, पण दारापलीकडे मी आहे हे ती विसरली नाही. आता मी दिवसभर तिच्या मागेमागे असते, आणि जितकी जवळ जाते तितकी ती मिटत जाते. मी काय केलं गं? कुठे चुकले, तेही ती मला सांगणार नाही.

शुक्रवारी तिचे बाबा तिला तुझ्याकडे सोडतील. मी येणार नाही. तिला एकटी ठेवू नकोस. तिकडच्या डॉक्टरीणबाईंकडे ने, आणि मी लांब आहे हे तिला पक्कं कळू दे. ती तुझ्यापाशी बोलली तर मला लिहू नकोस. जेवली का, तेवढंच कळव.

तुझीच,
नजीहा